माय फादर इज लेट

मी आठवीत होते. तुमसरच्या पलीकडं, मँगनीजच्या खाणीवरच्या कामगारांच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. शाळा लांबच्या गावात होती आणि वसाहतीतून आठवीपर्यंत पोचलेली मी एकटीच. त्या वर्षी इंग्रजीला नवे सर आले. नागपूरकडचे, तरुण, फार मनापासून शिकवायचे. ते रोज पाच शब्द द्यायचे. अर्थ आपणच शोधायचा आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य लिहून आणायचं. गाईडमधलं वाक्य दिसलं की त्यावर काट मारायचे. म्हणायचे, "सूर्य पूर्वेला उगवतो हे मला माहीत आहे. तुझ्या घरात काय चाललंय ते लिही."

एके दिवशी दिलेल्या शब्दांत लेट, अलोन आणि वीप हे होते. संध्याकाळी मी उंबऱ्यात बसून वाक्यं करत होते. बाबांची पाळी संपून बराच वेळ झाला होता, तरी ते आले नव्हते. आई ओल्या लाकडाच्या धुरात डोळे पुसत चूल फुंकत होती. मी जे दिसलं ते लिहिलं. माय फादर इज लेट. माय मदर इज अलोन. शी इज वीपिंग. तीन वाक्यं, तिन्ही खरी, एकही गाईडमधलं नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी वही सरांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले ती ताप घेऊनच. मग त्या आठवड्यात शाळेत गेलेच नाही.

शनिवारी शाळा सकाळची असायची. दुपारी सर सायकलवर आमच्या दारात आले. बाबा पहिल्या पाळीला खाणीत खाली गेले होते. आई नुकतीच न्हाली होती, केस ओले, कपाळ मोकळं. सरांना पाहून तिनं घाईघाईनं डोक्यावरून पदर घेतला. सरांनी चपला बाहेर काढल्या, तिच्या कपाळाकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"फार वाईट झालं, वहिनी," ते म्हणाले. "आम्हाला काही कळलंच नाही. मुलीचे वडील असे अचानक..."

आईनं पुढचं ऐकलं नाही. खाणीतली बातमी घरी कशी येते ते वसाहतीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कुणीतरी शिकलेला माणूस येतो, दारात चपला काढतो आणि मान खाली घालतो. ती तशीच धावत सुटली, मोकळ्या केसांनी, अनवाणी. मी खाटेवरून उठून तिच्यामागं. शेजारच्या काकूनं तिला पाहिलं आणि हातातलं सूप टाकून तीही धावली. खाणीच्या फाटकाशी पोचेतो पाच-पंचवीस बाया गोळा झाल्या होत्या आणि काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

चौकीदार सांगत होता, "काही झालं नाही बाई, खाली सगळं ठीक हाय."

"लपवून राहिले तुमी!" आई ओरडली. "दाखवा मले. कसाही असू द्या, दाखवा!"

शेवटी खाली निरोप गेला. माणसांची ने-आण करणारा पिंजरा वर आला आणि बाबा बाहेर आले, काळ्या धुळीनं माखलेले, हातात दिवा. एवढ्या बाया पाहून त्यांना वाटलं, घरीच काही झालं.

"काय झालं? पोरगी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

आई तिथंच मातीत बसली आणि त्यांचे बूट दोन्ही हातांनी धरून ठेवले.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सर पुढं आले. बाबांना उभं पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पण हिनंच लिहिलं होतं," ते म्हणाले, आणि सगळं फाटक माझ्याकडं वळलं.

"काय लिवलं होतं तू?" बाबांनी विचारलं.

मी मान वर न करता वाक्य म्हणून दाखवलं. मग सरांनी अडखळत सांगितलं की लेट म्हणजे उशिरा येणारा, आणि लेट म्हणजे कैलासवासीसुद्धा. मग मागून एक माणूस म्हणाला, "मेलेला बाप वर आला बाप्पा!" आणि फाटकावरची गडी माणसं हसायला लागली. बाबाही हसले, थोडंसंच, आणि पाळी संपवायला परत खाली गेले. आई घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी सरांनी वर्गात सांगितलं की चूक त्यांची, मुलीची नाही. त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं, पण तोवर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. मॅट्रिकपर्यंत माझं नाव लेटच राहिलं. त्यानंतर मी फक्त गाईडमधली वाक्यं लिहिली. सरांनी एकावरही काट मारली नाही. वर्षअखेरीस त्यांनी बदली मागून घेतली.

पण हे सगळं मला सोसता आलं. सोसवलं नाही ते काकूचं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी पाळीवरच छातीत कळ येऊन गेला होता आणि तेव्हाही ती याच वाटेनं फाटकाकडं धावली होती. माझ्या वाक्यावर फाटकाशी हसणं चाललं होतं तेव्हा ती न हसता एकटीच परत फिरली होती. मी कितीतरी दिवस तिच्या दारावरून जायचं टाळलं. एका संध्याकाळी तिनंच हाक मारली.

"माह्यावर रागावली काय वं?"

"नाही काकू. मले लाज वाटते."

ती दाराशी बसून पोह्यांतला कोंडा पाखडत होती. जरा वेळानं म्हणाली, "तो कोनता शब्द होता? मले सांग."

मी सांगितला. दोन्ही अर्थ सांगितले. तिनं दोन-तीनदा तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला.

"वाट पाह्याचा अन् वाट संपल्याचा एकच शब्द?" ती म्हणाली. "लय गरीब भाषा हाय त्यायची."

तिनं मूठभर पोहे माझ्या ओंजळीत घातले आणि मी ते तिथंच, तिच्याकडं न पाहता, उभ्या-उभ्या खाल्ले.