काळ्या अस्तराची पुस्तकं

मास्तर नवं काही शिवत नसत. दुकानाच्या काचेवर तसं लिहिलेलंच होतं: फक्त आल्टरेशन. "माणसं बारीक होतात, जाड होतात, थोरल्याचा कोट धाकट्याकडे येतो, त्यात कपड्याचा बिचाऱ्याचा काय दोष?" असं म्हणत ते शिवण उसवायला घ्यायचे. बाही अर्धं बोट लांब राहिली आणि गिऱ्हाइकाला चालत असली, तरी ह्यांना चालायची नाही. गिऱ्हाईक तिष्ठत उभं आणि हे पुन्हा उसवतायत. असा काटेकोर माणूस खोटं बोलेल यावर गल्लीत कुणाचाही विश्वास बसला नसता. पण मास्तर खोटं बोलले. चांगली दोन-अडीच वर्षं बोलले, आणि तेही डोळ्यांनी दिसेनासं झालेल्या स्वतःच्या बायकोशी.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. गल्लीच्या टोकाशी लायब्ररी होती आणि तिथल्या काउंटरवर बाईंनी सगळी नोकरी काढली. तिथलं एक कपाट त्यांच्या खास जिवाभावाचं. त्यात इंग्रजी कादंबऱ्या होत्या, आणि त्याही जे कधी घडलं नाही, घडत नाही आणि घडलं तर आपली धडगत नाही, अशाच गोष्टींच्या. या सगळ्याला मिळून इंग्रजीत स्पेक्युलेटिव्ह फिक्शन असं भारदस्त नाव आहे, आणि त्याच्या पोटात आणखी नावंच नावं. वाचक गोंधळून भलतंच काही घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून परत आणायचे. शेवटी बाईंनी मास्तरांकडून कापडाचे उरलेले तुकडे मागून आणले, त्यांच्या फिती कापल्या आणि प्रकार पाहून प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एकेक चिकटवली. स्पेस ऑपेराला निळं साटीन, कारण तिथे आकाशभर घराण्यांची भांडणं आणि राजेशाही थाट. वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या जगांच्या स्टीमपंकला तपकिरी कॉर्डरॉय. कोझी फँटसीला फ्लॅनेलचा मऊ तुकडा, कारण त्यात फार तर एखादी चेटकीण बेकरी काढते आणि पाव करपतो, यापलीकडे कुणाचं वाईट होत नाही. डिस्टोपियाला, म्हणजे जुलमी राजवटींच्या गोष्टींना, युनिफॉर्मचं राखाडी कापड. माणसाला किडामुंगीही न समजणाऱ्या राक्षसांच्या कॉस्मिक हॉररला उलटी मखमल, हात फिरवला की अंगावर काटा यायचा. आणि ग्रिमडार्कला कोटाच्या आतलं काळं अस्तर, गुळगुळीत आणि गार.

"ग्रिमडार्क म्हणजे?" मास्तरांनी तेव्हा विचारलं होतं.

"त्यात कुणीच चांगलं नसतं. चिखल, रक्त आणि दगाबाजी. शेवटी जो उरतो तो सगळ्यांत वाईट."

"आणि लोक हे पदरचे पैसे भरून वाचतात?" मास्तर म्हणाले. त्यांना स्टीमपंक आवडायचं. यंत्रांचं त्यांना सोयरसुतक नव्हतं, पण मुखपृष्ठावरच्या माणसांचे वेस्टकोट फार नेमके बेतलेले असायचे.

बाई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत त्यांच्या बुबुळांवर धुकं चढायला लागलं. चष्मे बदलून झाले, थेंब घालून झाले. मग अक्षरं गेली, मग चेहरे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की बुबुळाचा वरचा पडदा बदलावा लागेल, तो कुणीतरी मरणोत्तर दान केलेला मिळायला हवा, आणि तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. बाई "बरं" म्हणाल्या. घरी आल्यावर स्वयंपाकघरात चाचपडत त्यांनी चहा केला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. मास्तरांनी तो चहा तोंडातून ब्र न काढता संपवला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दुपारी दुकान बंद ठेवायला लागले. जेवणं झाली की बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि मास्तर पलंगाच्या कडेवर पुस्तक घेऊन. त्यांचं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं होतं, मोठ्यानं वाचायला लागले की मात्र पंक्चर झालेल्या सायकलसारखं चालायचं. दोन पानांतच बाईंनी हात वर केला. "अहो, तुम्ही मनात वाचा आणि आपल्या भाषेत सांगा मला." आणि तसाच पायंडा पडून गेला.

पहिलं पुस्तक राखाडी फितीचं होतं. एक शहर, त्याभोवती काटेरी तार, आणि तिथून पळू पाहणारी एक छोटी मुलगी. आठवडाभर मास्तरांनी ते इमानेइतबारे सांगितलं. बाई पुढे वाकून ऐकायच्या. शेवटच्या प्रकरणात मुलगी तारेपाशी पोचली, मास्तरांनी पान उलटलं, आणि पुढच्याच ओळीत तिला गोळी लागली. समोर बाई होत्या, हात मांडीवर ठेवून, न दिसणारे डोळे त्यांच्याकडे लावून.

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग... तार होती ना, ती एका जागी सैल होती," मास्तर म्हणाले. "खालून माती भुसभुशीत. पोर बारीक होती. गेली निसटून."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "फ्रॉक फाटला असेल."

"फाटला, पण शिवणीवर. शिवण घालता येते," मास्तर म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

त्या दिवशी दुकानात त्यांचं लक्ष लागलं नाही. आंधळ्या माणसाला आपण शेंडी लावली, हे त्यांना खात होतं. पुढच्या खेपेला त्यांनी सोपा मार्ग काढला आणि लायब्ररीतून गुपचूप फ्लॅनेलवालं पुस्तक आणलं. बाईंनी ते हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. "हे नको. मी राखाडी सांगितलं होतं." फीत बदलून टाकावी असंही एकदा त्यांच्या मनात आलं. उसवण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण त्या फिती बाईंनी स्वतः चिकटवलेल्या. त्यांना हात लावायचा धीर झाला नाही. मग गोष्टच बदलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आणि बाईंची आवड तर दिवसेंदिवस बिघडतच चालली. राखाडीवरून त्या जग बुडाल्यानंतरच्या पोस्ट-अपोकॅलिप्टिकवर गेल्या, तिथून उलट्या मखमलीवर, आणि शेवटी काळ्या अस्तरावर येऊन जे बसल्या ते तिथून हलेचनात. नव्या ग्रंथपालाला वाटायचं, पुस्तकं मास्तर स्वतःच्या हौसेनं वाचतात. एकदा तो शिक्का मारता मारता म्हणाला, "मास्तर, तुमच्या काळजाच्या जागी इस्त्री आहे का हो? ह्या पुस्तकानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही." मास्तर कसनुसं हसले. त्यांना कुठे जात होतं!

पण हळूहळू हात बसला. सकाळी पायजम्याला नाडी ओवताना ते दुपारच्या माणसांची सोय लावायचे. राजाला विष देणारा भाऊ ऐन वेळी पेला सांडायचा. गाव जाळायला निघालेल्या फौजेला वाटेत ओला लाकूडफाटा मिळायचा. समुद्राखालचा तो अवाढव्य, निर्विकार राक्षस, ज्याला माणूस म्हणजे धूळसुद्धा वाटत नाही, तो मास्तरांच्या तोंडी कूस बदलून पुन्हा झोपी जायचा. "दमला असेल," मास्तर म्हणायचे. "असेल," बाई म्हणायच्या. त्या वेळी मास्तरांचा आवाज खाली यायचा, खिडकीतलं ऊन बाईंच्या पायांवर यायचं, आणि मास्तरांना वाटायचं की आपल्या सबंध संसारात इतक्या चांगल्या दुपारी कधी आल्या नव्हत्या.

हीच तर अडचण होती. बाईंना दिसावं म्हणून ते मनापासून प्रार्थना करायचे, आणि दवाखान्याचा फोन वाजला की तो उचलूच नये असंही त्यांना वाटायचं. दिसायला लागलं की बाई स्वतः वाचणार. मग आपलं खोटं उघडं पडणार, आणि या दुपारी संपणार. यांतलं दुसरं त्यांना जास्त बोचायचं, आणि ते बोचतं याची लाज वाटायची.

फोन आला. पडदा मिळाला होता. ऑपरेशनच्या आधी मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, "दोरा कुठला वापरता?"

"नायलॉनचा. केसाहून बारीक."

"मशीनवर?"

"छे, हातानं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक. फक्त ताणू नका हं, ताणलं की चुणी पडते." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नाही ताणणार," त्या म्हणाल्या.

धुकं एकदम नाही गेलं, हळूहळू विरत गेलं. आधी बाईंना खिडकी दिसली, मग मास्तरांचे पिकलेले केस. "अहो, तुम्ही म्हातारे कधी झालात?" असं म्हणून त्या रडल्या आणि हसल्याही. मग एके दिवशी नव्या चष्म्यातून त्यांना छापील ओळ दिसली. त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुम्ही मला जी जी सांगितलीत, ती सगळी पुस्तकं पुन्हा आणा. पहिल्यापासून."

मास्तरांचं धाबं दणाणलं. पण आणली. दुपारी दुकान पुन्हा उघडं राहायला लागलं आणि मास्तर मशीनसमोर नुसते बसून राहायचे. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय त्यांनी खालून चक्क शिवून बंद केला. घरी बाई काहीच बोलत नव्हत्या. पुस्तकं संपत होती, परत जात होती, नवी येत होती. विचारावं तर तोंड नाही आणि न विचारावं तर झोप नाही, अशी मास्तरांची गत झाली.

मग एका दुपारी बाई दुकानात आल्या. हातात दोन पुस्तकं होती. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून त्यांनी राखाडी फितीचं कटिंग टेबलावर ठेवलं.

"ही मुलगी मरते," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "मरते."

"तार कुठे सैल नव्हती."

"नव्हती." मास्तर मान खाली घालून होते. "चुकलं माझं. तुला दिसत नव्हतं आणि मी त्याचा फायदा घेतला."

"मला तेव्हाच कळलं होतं."

मास्तरांनी वर पाहिलं.

"अहो, फिती मीच चिकटवल्यात ना? राखाडी फितीतून तारेखालून कुणी सुटत नसतं. आणि सुटलंच, तरी फ्रॉक शिवणीवर फाटला हे कुठल्या इंग्रज लेखकाला सुचणार आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही खरं सांगायला लागला असता."

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली. मास्तरांनी तिकडे बघितलंही नाही. त्यांच्या डोक्यात बऱ्याच गोष्टी एकेक करून जागी बसत होत्या. "म्हणून ती काळ्या अस्तराची... इतकी..."

"फ्लॅनेलच्या पुस्तकात तुम्हाला करायला काय होतं? होतं तसं सांगून मोकळे झाला असता. काळ्यात तुम्हाला त्या सगळ्यांना वाचवावं लागायचं. थांबायचात, विचार करायचात, आवाज असा मऊ व्हायचा. मला वाटायचं, हा माणूस इतक्या परक्या लोकांना मरू देत नाही, तर मला काय अंधारात पडू देणार आहे? त्या धीरावर काढली मी ती वर्षं."

मास्तरांनी टेबलावरची टेप उगाच गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. बाईंनी दुसरं पुस्तक पुढे सरकवलं. चांगलं जाडजूड होतं, आधी कधी घरी न आणलेलं, पाठीवर काळं अस्तर.

"हे अजून तुम्ही वाचलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मी वाचलं, माझ्या डोळ्यांनी. शेवटी एकही जण उरत नाही." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. "आता तुम्ही सांगा, काय झालं ते."

मास्तर उठले. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं, खुर्ची स्टुलाजवळ आणली आणि पुस्तक न उघडता हातात धरून बसले.

"एक जण उरला होता," ते म्हणाले. "त्यांचा शिंपी. तो आत बटणं लावत बसला होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही."