अक्का आणि पंधरा मीटर

कुणी हौसेने फोटो दाखवला की अक्का आधी विचारायची, "फाइल आणलीस का?" कौतुक मागाहून. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये बरंच काही लिहून ठेवतो, काही लेन्स असतील तर फोकस किती अंतरावर होता तेसुद्धा. भौतिकशास्त्राची ही निवृत्त प्राध्यापिका ते वाचल्याशिवाय फोटोकडे ढुंकूनही बघत नसे. माझी ती आत्या, पण तमिळ मुलखातल्या तांबरमच्या आमच्या मराठी घरात लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत.

पळ्ळिकरणैच्या दलदलीत मी घरट्यावरच्या जांभळ्या पाणकोंबडीचा फोटो काढला. आमच्या पक्षी-छायाचित्रण क्लबच्या प्रदर्शनासाठी तो निवडला गेला आणि तक्रार आली, पक्षी एवढा मोठा दिसतोय म्हणजे फोटो काढणारी घरट्याला खेटून उभी होती. घरट्यापासून दहा मीटर दूर राहायचं, हा आमचा कडक नियम. मोडला तर सभासदत्व जातं. मी फाइल उघडली. फोकसचं अंतर पंधरा मीटर. जग जिंकल्यासारखी मी अक्काकडे धावले.

लाडाने कण्णा म्हणतच तिने माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "लेन्स अंदाज सांगते गे, कण्णा. तिच्या भरवशावर शपथ घेऊं नको."

दुसऱ्या दिवशी तिने मला कॉलेजच्या मैदानावर नेलं. टेप पसरली आणि भर उन्हात स्वतःच छत्री घेऊन उभी राहिली. "माझ्या कुंकवावर फोकस कर." फोटो झाला की थोडी मागे, पुन्हा फोटो. भारी हट्टी बाई. घामाने कुंकू ओघळलं तरी मैदान सोडलं नाही. घरी येऊन पाहिलं तर आकडे उड्या मारत होते. बारा मीटरवरही पंधरा, अठरावरही पंधरा. पण दहाच्या आत पंधरा एकदाही नाही.

क्लबच्या सभेत नातं दिसू नये म्हणून ती माझ्यापासून लांब बसली. पाळी आल्यावर तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, "पंधरा मीटर होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. दहाच्या आत नव्हतं, एवढं करू शकते." मग सगळ्या फाइली पडद्यावर दाखवल्या.

अक्का आता नाही. तिच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कुणाचा वाटलेला नाही. फोटो राहील, असं त्या दिवशी अध्यक्षांनी जाहीर केलं आणि सहज विचारलं, "मॅडम, ही मुलगी तुमची कोण?" तेव्हा मात्र तिचा प्राध्यापकी आवाज पार बदलला. त्या सभेत आम्हा दोघींखेरीज कुणालाच मराठी कळत नव्हतं. तरी ती मराठीतच म्हणाली, "माझ्या दादाची लेक."