छपरातली नवी काच

आमची व्हॅन म्हणजे चाकांवरचं दोघांचं घर. तिच्या छपरातली तडा गेलेली काच आज बदलली. जुनी काच निघाल्यावर त्या चौकोनातून मी डोकं बाहेर काढलं आणि असा वारा लागला तोंडाला, की उद्याची सहल तिथेच सुरू झाली!

नवी काच बसल्यावर आम्ही नवरा-बायको आत गादीवर आडवे झालो. वर आकाश पुसट, दुधाळ. "ढग आलेत वाटतं," मी म्हणाले.

"ढग नाहीत गं, काचेवरचं प्लास्टिक आहे. मुद्दाम ठेवलंय, चरे पडतात," हे म्हणाले.

घरीही आमच्याकडे रिमोट पिशवीत राहतो, सोफा चादरीखाली. फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक तर फ्रिजबरोबरच भंगारात गेलं. जपण्याच्या नादात नवी वस्तू आम्ही नवी असताना कधी पाहिलीच नाही. आणि आता आकाशालाही कव्हर?

मी शिडी लावून टपावर चढले, नखाने एक कोपरा उचलला आणि टर्रकन सगळं ओढून काढलं. खाली यांचा चेहरा लख्ख दिसला. आता हे चिडणार!

पण हे आतून बोट नाचवत ओरडले, "अगं, बाजूला हो ना! तुझ्यामागे घार आहे!"