मोठ्या नणंदेने भरलेले डबे

माझ्या मोठ्या नणंदेला आम्ही मागे ‘मेट्रन’ म्हणतो आणि समोर ‘ताई’. परदेशात एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांच्या गोळ्या डब्यांत भरते. आठवड्याला एक डबा, सकाळ-संध्याकाळचे चौदा खण. अठरा वर्षांत एक चूक नाही, हे ती सांगायची आणि आम्ही दर वेळी ऐकून घ्यायचो. सुट्टीवर आली की घराचं इस्पितळ करायची. माझ्या फ्रीजमधल्या बाटल्यांवरसुद्धा तारखा चिकटवून जायची. राग यायचा, पण आजारपणात तिच्याइतकं उपयोगी कोणी पडलं नाही, हेही खरं.

गेल्या खेपेला परत जाताना तिने आईंच्या आणि बाबांच्या, म्हणजे माझ्या सासूसासऱ्यांच्या, तीन महिन्यांच्या गोळ्या भरून ठेवल्या. आईंचे डबे लाल झाकणाचे, बाबांचे निळ्या. रोज त्या दोघांच्या हातावर ठेवायचं काम माझं. दोन महिने झाले आणि एका सकाळी आई न्हाणीघराच्या दारात कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. माझ्या नवऱ्याने बहिणीला फोन केला आणि ती मिळेल त्या विमानाने निघाली.

मधल्या विमानतळावर पाच तास काढायचे होते. तिथे बसल्या बसल्या तिला गेल्या खेपेची निघायची दुपार आठवली. वृद्धाश्रमात दोन माणसांच्या गोळ्या एका टेबलावर काढत नाहीत आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय झाकण लावत नाहीत. घरी तिने दोघांच्या गोळ्या एकाच पलंगावर ओतल्या होत्या. टॅक्सी दारात, आई ‘चल, उशीर होईल’ म्हणून मागे लागलेल्या, आणि ही भराभर खण भरतेय. बाबांची साखरेची गोळी आणि आईंची रक्तदाबाची, दोन्ही पांढऱ्या, बारीक. आईंना साखर नव्हतीच. अशा माणसाच्या पोटात ती गोळी रोज गेली तर काय होतं, हे तिला सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती.

तिने मला फोन केला.

“बाबांना डब्यातल्या गोळ्या देऊ नकोस.”

“का, ताई?”

“नको म्हटलं ना. मी येते.”

माझं धाबंच दणाणलं. भरल्या तिने असतील, पण रोज सकाळी आईंच्या तळहातावर ठेवल्या मी. नवऱ्याजवळ अवाक्षर काढलं नाही. तिकडे पुढच्या विमानात ताईला आई गेली म्हणून रडायलाही सुचलं नाही, एवढी भीती बसली होती, असं तिनेच मला मागाहून सांगितलं.

दुपारी ती आली. बॅग जिन्यात टाकली, भावाकडे पाहिलं नाही, तडक कपाटाशी गेली. मी मागोमाग जाऊन दार लोटून घेतलं. उरलेले आठ डबे पलंगावर मांडले. ती एकेक गोळी उजेडात धरून त्यावरचं अक्षर वाचायची, मी पाकिटाशी ताडून पाहायचे. खण संपता संपेनात. सगळे बरोबर निघाले.

“सुटलो,” मी म्हणाले. “शितावरून भाताची परीक्षा.”

“ही उरलेली शितं. भात आईने खाल्ला,” ती म्हणाली.

रिकाम्या खणांत काय होतं, ते आता कोण सांगणार?

तेवढ्यात दार ढकलून बाबा आले. कालपासून गोळी नाही, गरगरतंय म्हणाले, आणि लेकीपुढे हात पसरला. मी बाबांच्या मागून सांगू नको, सांगू नको म्हणून खुणावत होते. ते तिने पाहिलंही असेल.

“बाबा, मी घाईत भरल्या होत्या. आईच्या डब्यात तुमची गोळी गेली असेल. नसेलही. मला माहीत नाही.”

बाबा रागावले नाहीत. मग पसरलेला हात तिच्यासमोरून काढून त्यांनी मागे वळून माझ्यापुढे धरला.

“सूनबाई, तू दे.”

ताई भिंतीला टेकली. मी पाकीट उचललं, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. बाबा हात धरून उभे होते आणि मला त्या हातावर गोळी ठेववेना.