साडूभाऊंची रविवारची पोरं

खरं बोलून माणूस स्वतःला आणि नातेवाइकांना किती अडचणीत आणू शकतो, हे ज्याला बघायचं असेल त्यानं माझ्या साडूभाऊंना एकदा आपल्या घरच्या लग्नाला बोलवावं. पंगतीत वधूपिता हात जोडून, "काही कमी-जास्त?" असं रीतीप्रमाणे विचारतो आणि सगळा मांडव "छे छे, उत्तम!" म्हणतो, तिथं हे गृहस्थ हातातला घास खाली ठेवून सांगतात, "वरणात मीठ लई झालंय. अन् जिलबी कालची हाय." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म तयार माल तपासण्यात घालवला. ते निवृत्त झाले, त्यांची नजर झाली नाही. गुलमंडीत एक टॉवेल घेतला आणि घरी आल्यावर घडीत दुसरा निघाला, तर भर उन्हात परत गुलमंडी गाठून तो देऊन येतील, वर दुकानातल्या गड्याला घड्या मोजायची पद्धतही शिकवून येतील. फुलंब्रीहून त्यांच्या सख्ख्या पुतण्याला मुलगी सांगून आली, तेव्हा "मुलगा कसा आहे?" या प्रश्नाला "पोरगा चांगला हाय, पण दहाच्या आत उठत नाय" असं उत्तर देऊन त्यांनी भावजयीला घेरी आणली. मुलीचे वडील मात्र खूश झाले. "ह्या माणसाला एवढंच सापडलं असंल तर सोयरीक पक्की," म्हणाले. आमच्या मेव्हणीबाईंनी या सत्याशी चाळीस वर्षं संसार केला, त्याबद्दल खरं तर आधी त्यांचाच सत्कार व्हायला हवा.

असा माणूस निवृत्तीनंतर शांत बसेल ही आशाच नव्हती. कॉलनीच्या समाजमंदिरात दर रविवारी सकाळी सातला त्यांनी पोरं जमवायला सुरुवात केली. मला वाटलं, संस्कारवर्ग असेल, श्लोक असतील, सुविचार असतील. तसलं काही नाही. दर आठवड्याला एकजण प्रमुख. प्रमुखानं काय करायचं? तर सगळ्यांच्या आधी येऊन झाडायचं, मोरी घासायची आणि नाश्त्याला सगळ्यांच्या शेवटी बसायचं. "आधी मोरी, मग मोठेपणा," हे त्यांचं एकमेव सुभाषित. दुसरी चाल त्यांनी कारखान्यातून उचलली. फळ्यावर सगळ्यांची नावं. आठवड्यात आपलं काय चुकलं ते उभं राहून सांगायचं आणि आपल्या नावापुढं लाल खडूची रेघ आपल्या हातानं ओढायची. "कंपनीत दुसरा खोट काढायचा. इथं आपली आपण काढायची," म्हणायचे. एक आई तावातावानं आली, "आमच्या पोराच्या नावापुढं एवढ्या रेघा कशा?" साडूभाऊ म्हणाले, "ताई, ज्याच्या पुढं एक बी नाय, त्याच्या आईनं काळजी करावी." पोरगा पुढच्या रविवारीही आला, एवढं खरं.

तर गेल्या वर्षी या रविवारवर संकट आलं. समाजमंदिर एका क्लासवाल्याला द्यायचं मंडळाच्या मनात होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमचं काम चांगलंय, पण बाहेर कुणी वाखाणलंय का? काहीतरी कागद दाखवा." नेमका त्याच सुमारास शहरातल्या एका संस्थेनं तरुणांना घडवणाऱ्या उपक्रमांसाठी पुरस्कार जाहीर केला. पुरस्कार मिळाला तर खोली राहणार, नाही तर पोरांना बाहेरचा रस्ता. साडूभाऊंचं जेवण कमी झालं. मिठाबद्दलही बोलेनात, तेव्हा मेव्हणीबाई घाबरल्या आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

माझं अक्षर बरं म्हणून अर्ज मी भरला. जन्मभर कारकुनी केलेला माणूस मी. आकड्याला जरा बाळसं आणणं ही मी नोकरीत कमावलेली एकमेव कला. पोरं होती बावीस, मी लिहिली साठ. साडूभाऊंना हे सांगितलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. संस्थेची माणसं पाहणीला येणार त्या दिवशी मैदानावरची क्रिकेटची पोरं कचोरीच्या बोलीवर आणून मी मागच्या सतरंज्यांवर बसवली. साडूभाऊ पाहुण्यांना घ्यायला फाटकाशी गेले होते. त्यांना घेऊन आत आले आणि ती गर्दी बघून दारातच थबकले.

पाहुण्यांमध्ये एक बाई होत्या. त्यांनी त्या आठवड्याच्या प्रमुखाला उभं केलं. सुजाता तिचं नाव, बारावीतली, बोटाएवढी पोर, हाताला अजून मोरीच्या पावडरीचा वास. बाई कौतुकानं म्हणाल्या, "दर रविवारी साठ जण येतात?"

साडूभाऊंचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी डोळे मिटले. पण आवाज आला तो सुजाताचा.

"नाय मॅडम. बावीस येतात. बाकीचे आजच आलेत. फळ्यावर बघा, नावं बावीसच हायत." मग म्हणाली, "आम्हाला ही खोली लई पाहिजे. पण बावीसच हायत."

मी डोळे उघडले, तर साडूभाऊंनी उघडलेलं तोंड मिटलं होतं. सबंध आयुष्यात प्रथमच एक खरं वाक्य त्यांच्यावाचून बोललं गेलं होतं.

पुरस्काराला किमान पन्नास पोरांची अट होती. तो सोयगावच्या एका गटाला गेला. मी साडूभाऊंची माफी मागितली. ते म्हणाले, "पाव्हणं, माझ्यासाठी केलं, ठावं हाय. पण पोरांसमोर केलं, हे वाईट झालं." मला त्या क्षणी फार लाज वाटली. पुढच्या रविवारी फळ्याच्या तळाशी मी माझं नाव घातलं आणि जाडजूड रेघ ओढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तर लाज जास्तच वाटली. पण पाहणीच्या वेळी अध्यक्ष कोपऱ्यात उभं राहून सुजाताचं बोलणं ऐकत होते. त्यांनी कुठलाही कागद मागितला नाही. क्लासवाल्याला सहा दिवस दिले, रविवार पोरांना ठेवला, आणि पहिल्याच रविवारी स्वतःच्या नातीला हाताला धरून आणून बसवलं.

पुरस्काराच्या समारंभाला साडूभाऊ बावीसही पोरांना घेऊन गेले. सोयगावचा गट मंचावर चढला, तेव्हा आमच्या पोरांइतक्या टाळ्या कुणी वाजवल्या नसतील. परतताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. ते गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "त्या पोरीनं माझ्या आधी तोंड उघडलं, पाव्हणं. आता मी नसलो तरी चालतंय बघा."

मी त्यांना, "काहीतरीच बोलू नका," म्हणून दटावलं. ते नेहमीसारखं खरंच बोलले होते, आणि मला ते ऐकवेना.