उजव्या वळणांनी कौंडण्यपूर

शालूच्या पन्नाशीला तिच्या घरी काय काय आलं? लेकीनं पुण्याहून पाठवलेलं हेल्मेट, सहाशे रुपये. नवऱ्यानं आणलेली साडी, साडेआठशे (दुकानदार नऊशेवर अडून बसला होता, घासाघीस मी केली). माझ्याकडून खण-नारळ, पंच्याऐंशी. आणि अकोल्याहून मुलाचा फोन, तो फुकट.

फोनवर मुलगा म्हणाला, "आई, वाढदिवसाले येतो अन् जाताना स्कूटी अकोल्याले घेऊन जातो. ताईचं लग्न झालं तवापासून उभीच हाये."

"उभी कुठची? मी शिकून राहिली ना."

"मैदानात गोल फिरणं म्हणजे चालवणं होय का? कौंडण्यपूरले जाऊन ये. गेली अन् आली, त गाडी तुही."

शालू आणि मी एकाच वर्षी मॅट्रिक झालो आणि देवाच्या कृपेनं अमरावतीत एकाच गल्लीत सुना म्हणून आलो. जन्मभर ती कुणाच्या तरी मागे बसून गेली. आधी वडिलांची बैलगाडी, मग नवऱ्याची सायकल, लुना, शेवटी मुलाची मोटरसायकल. बँकेत जायचं तरी घरातल्या कुणाला वेळ आहे का, ते आधी विचारायचं. स्कूटी गेली असती तर पुन्हा तेच. म्हणून ठरवलं: वाढदिवशी सकाळी निघायचं, रुक्मिणीची ओटी भरायची, दिवेलागणीच्या आत परत.

शिकवणी गल्लीमागच्या मैदानात झाली. मधोमध मारुतीचा ओटा, त्याभोवती शालू गाडीवर आणि सीट धरून मागे पळणारी मी. गाडी असली म्हणून काय झालं, मारुती कायम उजव्या हातालाच राहिला पाहिजे, हा माझा नियम. उलटी प्रदक्षिणा मी महिनाभरात एकदाही होऊ दिली नाही.

जाणाऱ्यांनी पाणी घरूनच न्यावं. आम्ही भाकरी, ठेचा आणि बेसनाच्या वड्याही नेल्या. अंतर चाळीसेक किलोमीटर, रस्ता बरा, मधूनमधून खड्डे. गावाबाहेर पडेपर्यंत सगळी वळणं उजवी आली, त्यामुळे आम्हाला काही कळलंच नाही. पुढे पेट्रोल पंप दिसला आणि मागेही गेला.

"अवं, पंप गेला ना!"

"जाऊ दे."

"काहून?"

"डावीकडं होता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्ता आपोआप वळतो तिथं शालू वळायची, पण हँडल मोडून डावीकडे घ्यायचं म्हटलं की तिचे दोन्ही पाय खाली! शिकलीच नव्हती ना ती. मग आम्ही पुढे गेलो, उजवीकडून वळसा घेतला आणि परत आलो, तेव्हा पंप उजव्या हाताला आला. शंभराचं पेट्रोल भरलं. वळशात किती जळलं ते मी बोलले नाही, वाढदिवस होता.

पुढे एका गावाबाहेर रस्ता खोदलेला. दगडांची आडवी रांग आणि पाटी: डावीकडे वळा. इथं वळसाही चालेना. शालूनं दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा गाडी कलंडता कलंडता राहिली. हेल्मेट काढून ती दगडावर बसली. "वापस जाऊ व. नेऊ दे त्याले गाडी."

तिचा चेहरा बघवेना. डावीकडे गोल फिरवता येईल अशी जागा मी शोधू लागले. कडुनिंब होता, पण त्याच्या बुंध्याला शेंदूर. विहीर होती, पण काठावर साती आसरा मांडलेल्या. देव तरी किती जागी असावा! शेवटी कापसाच्या जिनिंगचं फाटक दिसलं. आत प्रशस्त मोकळं आवार आणि खुर्चीवर एक म्हातारे चौकीदार.

"चाचा, मधात काही देव, पीर, समाधी?"

"कुछ नहीं बाई. निस्ता वजनकाटा हाये."

"त्याची पूजा?"

"काटापूजन होते ना, पयला कापूस येते तवा. औंदा कापूस कुठी हाये? या दिवसांत इथं कापसाच्या बैलबंड्याच बैलबंड्या रायते, पाय ठेवायले जागा नसते. फिरवा तुमी."

तर, पूजा न झालेल्या त्या काट्याला डावीकडे ठेवून शालू फिरली. आधी पाय टेकत, मग एकच पाय, मग नुसती. चाचा खुर्चीतून ओरडत होते, "हँडल मत देखो, रस्ता देखो!" निघताना मी त्यांना पैसे देऊ केले तर रागावले. दोन भाकरी आणि वड्या मात्र घेतल्या.

पाटीजवळ शालू डावीकडे वळली. मी डोळे मिटून नामस्मरण करत होते, त्यामुळे पाहिलं नाही.

कौंडण्यपूरला ओटी भरली, वर्धेच्या काठी बसून उरलेली भाकरी खाल्ली. वारा छान होता. देव इथूनच रुक्मिणीला रथात घेऊन गेले, हे मी भक्तिभावानं सांगत होते तर शालू म्हणते, "तेबी मांगंच बसली असन ना व?" मी कानांवर हात ठेवले. मग दोघीही हसत सुटलो.

जाताना गल्लीतून उजवीकडे वळलो होतो, म्हणजे येताना वळण डावं. कोपऱ्यावर मुलगा आणि नवरा उभे. शालूनं इंडिकेटर दिला आणि पाय न टेकता वळली. मुलगा नुसता पाहत राहिला.

"पाहतं काय? बस मांगं. केक आणायचा हाये ना?"

बसला बिचारा. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरही तीच सोडून आली.

दोघींचा खर्च: पेट्रोल शंभर, ओटी साठ, चहा बारा. एकूण एकशे बहात्तर.

आता गल्लीतल्या आणखी तिघी शिकायचं म्हणतात. त्या जिनिंगचं आवार पुढच्या वर्षी आम्हाला मोकळं मिळू नये, काट्याची पूजा वेळेवर व्हावी, असं मी रुक्मिणीजवळ मागून आले आहे. तेव्हा अमरावतीत मधोमध देव नसलेलं एखादं मैदान कुणाच्या पाहण्यात असेल, तर कृपया उलट टपाली कळवावं.