तिसरी डिस्क

सुमेधा गेल्याची बातमी मला सानगडीच्या शाळेत, चौथा तास चालू असताना कळली. तिच्या धाकट्या भावाचा, राजरतनचा फोन होता. तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही. माझा राग अजून उतरलेला नाही.

भंडाऱ्याच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. पुढे मी मास्तरीण झाले, ती भंडाऱ्यातच एका कचेरीत टंकलेखिका. वीसेक वर्षं ती झाडीबोलीतले, म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडच्या बोलीतले शब्द जमवत होती... शब्द, अर्थ, आणि सांगणाऱ्याचं नाव-गाव. सगळं टंकलेलं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये. नव्या कम्प्युटरवर उघडलं की अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या. लोक म्हणाले, सोडून दे. हिने इंटरनेटवर वाचून वाचून घरच्या कम्प्युटरच्या आत दुसरा, जुन्या काळातला कम्प्युटर उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्यात जुनी विंडोज, जुना फॉन्ट, आणि तिचे शब्द जसेच्या तसे. "गाभण हाये काय तुहा कम्प्युटर?" मी चिडवलं. "हाये. अन् सुईणबी मीच," ती म्हणाली.

मग तिला डिस्कची काळजी लागली. एकसारख्या दोन डिस्क घेतल्या आणि अशा जोडल्या की एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवर उमटावं. मी समोर असताना चालू कम्प्युटरमधून एका डिस्कची वायर तिने सरळ उपटली. मी ओरडलेच. ती मात्र टंकत राहिली. "पाह्य, काई झालं काय?" तरी तिचं समाधान नव्हतं. म्हणाली, "हा आरसा हाये, कुंदा. तोंडाले काळं फासलं त आरशातबी काळंच दिसन. एक डिस्क घराबाहेर पाह्यजे." ती तिसरी डिस्क माझ्याकडे. दर महिन्याला मी ती टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून एसटीने भंडाऱ्याला न्यायची, ती नवे शब्द भरून द्यायची, मी परत आणायची. माझ्याकडे एवढंच काम होतं.

शेवटचे चार महिने मी गेले नाही. आधी पेपर तपासायचे होते, मग गुडघा, मग खरं सांगायचं तर कंटाळा. एसटीचे धक्के कोण खाणार? ती फोनवर विचारायची, "कवा येतं?" मी म्हणायची, पुढच्या रविवारी. त्याच चार महिन्यांत ती करडीला आईकडे बसून जुन्या नोंदी तपासून घेत होती.

तेरवीबिरवी त्यांच्यात नसते. बौद्ध रीतीने पुण्यानुमोदन झालं, आणि चार दिवसांत राजरतनने दुकानातला माणूस बोलावून कम्प्युटर साफ करून घेतला. मी विचारलं तर म्हणाला, "ताईचा कम्प्युटर कोनालेच समजत नव्हता. अन् दोन्ही डिस्कमंदी सेमच होतं, त कायले ठेवाचं?" ज्या सेमसाठी बहीण जिवाचं रान करत होती, तेच त्याला कचरा वाटलं. मी त्याला नको ते बोलले. त्याचे डोळे भरले तरी मी थांबले नाही. तो ती गेल्याच्या दुःखात अडाणी वागला. मी तर ती जिवंत असताना, सगळं समजत असताना तशी वागले.

गेल्या रविवारी लॅपटॉप घेऊन मी करडीला गेले. डिस्कवर तिने चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, कुठे काय दाबायचं ते ओळीने लिहिलेलं. पोटातला कम्प्युटर माझ्या लॅपटॉपवर सुरू झाला. मी तिच्या आईला म्हणाले, चार महिन्यांचं गेलं, पुन्हा सांगाल का?

"तिले सांगतलं होतं ना? तुमी सांभाळलं काहून नाई?" म्हातारी कडाडली. "मी दोनदा नाई सांगत."

मी उगाच जुन्या नोंदी वाचू लागले. बांधी, म्हणजे धानाचं शेत... धुरा, म्हणजे शेताचा बांध... ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी पुढची नोंद वाचली, "बोडी. म्हणजे लहान तलाव."

तिने वळून पाहिलं. "कोनं सांगतलं हे?"

"सुमेधाने लिहिलंय."

"तिनं लिवलं. सांगतलं कोनं?"

मी पुढची ओळ पाहिली. सांगणारी : कुंदा, सानगडी. माझ्या वडिलांच्या शेतात बोडी होती. मी त्यात पोहायला शिकले.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

"म्हनूनच. तलाव गावाचा अस्ते. बोडी मालकाची. आमी धानाच्या रोवण्यावर जाओ, तहान लागली त बोडीच्या पारीवर चढू नाई देत. दुरून पानी वतत वंजळीत. तुहं लहान-मोठं कुठून आलं त्याच्यात?" मग म्हणाली, "तिले सांगतलं होतं मी. खोडतो म्हने. खोड ते."

तिने ते खोडलंही असेल, त्या चार महिन्यांत. मला कधीच कळणार नाही. मी मात्र खोडलं नाही. माझं नाव माझ्या चुकीसकट राहू दिलं, आणि खाली दुसरी नोंद टंकली. बोडी : मालकाची. मग 'सांगणारी'पुढे लिहायला म्हातारीला तिचं पूर्ण नाव विचारलं.